तीन नंबरची टाकी

माझं आडनाव ऐकून होरिगुची-सान दोन पावलं मागे सरकले होते. त्यात त्यांची काही चूक नव्हती. 'शिंदे' म्हटलं की जपानी माणसाला 'मरून' असं काहीतरी ऐकू येतं, हे नागोयात आल्यावर तिसऱ्याच दिवशी वॉर्ड ऑफिसमधल्या बाईंच्या चेहऱ्यावरून मला कळलं होतं. पण होरिगुची-सानच्या हातात त्या क्षणी खरोखरच एक मेलेला बेडूक होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, ओल्या हातात मागच्या पायांनी धरलेला तो भलामोठा बेडूक, आणि समोर कमरेत वाकून "मी शिंदे" म्हणणारी मी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बेडकाकडे, आणि म्हणाले, "इथे रोज तेच चाललंय. आज सतरा." मग माझं पहिलं नाव विचारून घेतलं. तेव्हापासून मी कायमची रोहिणी-सान झाले.

होरिगुची-सान तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. नागोयापासून तासाभरावर, जिथे दोन डब्यांची गाडी तासातून एकदाच थांबते अशा गावात त्यांचं बेडकांचं फार्म होतं. प्लास्टिकने झाकलेली लांबट शेड, तिच्यात सिमेंटच्या सहा उथळ टाक्या, आणि त्यांत तळहातात न मावणारे बुलफ्रॉग. हे बेडूक कॉलेजांच्या प्रयोगशाळांना जात, थोडे हॉटेलांना. फार्म मूळचं त्यांच्या सासऱ्यांचं. स्वतः होरिगुची-सान हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर इकडे वळले. पत्नी वारलेली, एकुलती एक मुलगी मिसाकी ओसाकाला नोकरीत. आसपासचे बेडूक पाळणारे सगळे त्यांना 'सेन्सेई' म्हणत, म्हणजे गुरुजी.

आणि मी पशुवैद्य. फलटणच्या बाजूला सहा वर्षं गाई-म्हशी आणि कोंबड्या तपासल्या, मग लग्न झालं आणि सचिनच्या मागोमाग नागोयाला आले. तो मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनियर. माझ्या डिग्रीला इथे परवाना नाही, म्हणून कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, भाताचे त्रिकोण फळीवर मांडायची अर्धवेळ नोकरी करत होते. माझ्या जपानीच्या बाई होरिगुची-सानच्या ओळखीच्या निघाल्या. "त्यांचे बेडूक मरतायत, आणि गावातल्या डॉक्टरांना कारण कळत नाहीये. तुम्ही नुसतं मदतीला जाल का?" असं त्यांनी विचारलं. सचिनला सांगितलं तर तो म्हणाला, "बेडकांची डॉक्टर? आईला काय सांगायचं?" मी म्हटलं, "जलचरांची सांग. शोभून दिसतं."

पहिल्याच दिवशी होरिगुची-साननी मला लाकडी फळी, कात्री आणि सतरापैकी एक बेडूक दिला. "उघडा. पोट उघडल्याशिवाय मत द्यायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी हवामानाला दोष दिला, कोणी पाण्याला दिला, तरी त्यांचं हेच. मी उघडलं आणि हात थांबला. बेडकाचं यकृत गडद, तांबूस काळं असायला हवं. हे बेसनाच्या गोळ्यासारखं पिवळट होतं, बोट लावताच भुगा होत होता, आणि कात्रीच्या पात्याला चक्क तेल लागलं होतं. दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळे तसेच. बाहेरून गलेलठ्ठ दिसणारे बेडूक आतून असे झालेले पाहून मला धक्काच बसला.

"यकृत तक्रार करत नाही," होरिगुची-सान शांतपणे म्हणाले. "म्हणून आपण विचारायला जायचं."

माझ्या दृष्टीने कोडं सुटलं होतं. बेडकांना वेगळं खाद्य मिळत नसे. ते माशांचं खाद्य खात, आणि त्यात चरबी भरपूर. ती यकृतात साठत होती. फलटणला अंड्यांवरच्या कोंबड्यांत हे मी कितीदा पाहिलं होतं. मी ठसक्यात सांगितलं, "लिव्हर टॉनिक द्या. कोलीन, मेथिओनिन, ई जीवनसत्त्व. पूड करून खाद्याला चोळायची."

"कशावरून?"

"आमच्याकडे सगळे देतात."

"सगळे देतात, हे ऐकलं. बरे त्यानेच होतात हे कशावरून?"

सहा वर्षं मी टॉनिकची बाटली शेकडो जनावरांसाठी लिहून दिली होती. काही बरी झाली, काही नाही; जी झाली ती टॉनिकने झाली असं मी धरून चालले होते. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. कोन्बिनीतून सुटून पुन्हा डॉक्टर झाल्याच्या आनंदात आलेली मी, त्या एका प्रश्नाने पार गोरीमोरी झाले.

पण त्यांनी पूड मागवली. आजार दोन आणि तीन नंबरच्या टाक्यांतल्या मोठ्या बेडकांना होता. बाकीच्या टाक्यांत अजून पिल्लं होती. होरिगुची-साननी ठरवलं, दोन नंबरला पूड चोळलेलं खाद्य द्यायचं. तीन नंबरला तेच खाद्य, तेच पाणी, पण पूड नाही.

"तीन नंबरचे मरतील," मी म्हणाले.

"कदाचित."

"आणि आपण बघत बसायचं?"

"बघत नाही बसायचं. मोजायचं."

हा माणूस निर्दय आहे असं मला त्या दिवशी वाटलं. तसा तो नव्हता, हेही रोज दिसत होतं. बेडूक फक्त हलणारी वस्तू खातो, म्हणून खाद्याचे ट्रे हलते ठेवावे लागत; एखादा अशक्त बेडूक मागे राहिला तर होरिगुची-सान त्याच्यासमोर उकिडवे बसून काडीच्या टोकाला दाणा लावून नाचवत. माझ्यासाठी रोज एक उकडलेलं रताळं आणत, कारण मी त्यांच्या डब्यातलं मासळीचं काही खाणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. पण तीन नंबरच्या टाकीपाशी ते हात पाठीमागे बांधून उभे राहत, आकडा म्हणत, वहीत लिहीत आणि पुढे जात.

दहाव्या दिवशी तीन नंबरमध्ये एक मादी उताणी तरंगत होती. पोट पाण्याने फुगलेलं, गळ्याची कातडी अजून खालीवर होत होती. तिने पाय मारून सुलट व्हायचा प्रयत्न केला आणि पुन्हा उताणी झाली. होरिगुची-सान पिल्लांकडे गेले होते. मी फळीवरचा पुडीचा डबा उघडला आणि दोन चमचे पूड तीन नंबरच्या खाद्यात कालवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. घरी सचिनलाही सांगितलं नाही. मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. मी डॉक्टर होते, औषध हाताशी होतं.

सहा आठवड्यांनी दोन नंबरमधलं मरण जवळजवळ थांबलं. तीन नंबरमधलंही थांबलं. होरिगुची-साननी दोन्ही टाक्यांतला एकेक बेडूक उघडला; दोन्हींची यकृतं तांबूस होऊ लागली होती. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. ते मात्र वहीकडे बघत राहिले.

"दोन्ही सारखेच बरे झाले," ते म्हणाले. "म्हणजे पुडीने नाही. मग नव्या नळाने." दोन्ही टाक्यांना ओढ्याचं पाणी आणणारा जुना नळ त्यांनी त्याच सुमारास बदलला होता. "रोहिणी-सान, बरं झालं आपण तीन नंबरला पूड दिली नाही. नाहीतर उगाच पुडीला श्रेय दिलं असतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, एक गोष्ट नीट कळल्याचं, की मी खाद्याचे ट्रे धुवायला घेतले. उद्या सांगू म्हटलं. उद्याही नाही सांगितलं. त्यांनी पूड बंद केली.

दोनेक आठवड्यांत आकडे पुन्हा सुरू झाले. चार, मग नऊ. होरिगुची-सान नळ तपासत बसले. आणि एका सकाळी मी पोचले तेव्हा ते शेडबाहेर फोन हातात धरून उभे होते. फोन पलीकडच्या गावच्या ओकादा-सानचा होता, त्यांचेही बेडूक याच आजाराने जात होते. ते पूड मागवणार होते, पण सेन्सेईंनी सांगितलं म्हणून त्यांनी पूड रद्द करून पाण्याचे नळ बदलले होते.

"ओकादा-सानच्या दोन टाक्या गेल्या," होरिगुची-सान म्हणाले. "पूर्ण. एकही राहिला नाही. मी सांगितलं होतं त्यांना."

एका मादीची दया आली म्हणून मी दोन चमचे पूड टाकली होती, आणि मी कधी न पाहिलेल्या माणसाच्या दोन टाक्या त्यात मेल्या होत्या. मी तिथेच, माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत, सगळं सांगून टाकलं. सांगताना वाक्यांचे शेवट चुकत होते, नम्रतेची रूपं चुकत होती. माझं संपल्यावर ते पालथ्या क्रेटवर बसले.

मला वाटलं ओरडतील. निदान 'का' म्हणून तरी विचारतील.

"किती चमचे?" ते म्हणाले.

"दोन."

"कुठल्या दिवसापासून?"

मी सांगितलं. त्यांनी वही उघडली, पट्टी घेतली आणि त्या दिवसापासूनच्या सगळ्या आकड्यांवर एकेक सरळ रेघ मारली. पानामागून पान. एवढ्या वेळात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या सरळ रेघांची. मग वही मिटून म्हणाले, "आज घरी जा."

घरी गेले आणि सचिनला सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या जा. त्यांनी हाकललं तर परत ये, पण जा."

दुसऱ्या दिवशी गेले. होरिगुची-सान टाक्यांपाशीच होते. पहिल्यापासून पुन्हा करायचं म्हणाले. दोन नंबरला पूड, तीन नंबरला नाही. आजारी बेडूक दोन्हींत सारखे वाटून घेतले होते. "चार आठवडे. ते संपल्यावर फरक दिसला तर त्याच दिवशी तीन नंबरलाही पूड सुरू. हे मी आधीच लिहून ठेवलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन नंबर मी बघेन. तीन नंबर तुम्ही."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. शिक्षा म्हणून एखाद्याला हाकलता येतं, बोलता येतं. ही काय रीत? मी म्हटलं, "मला नाही जमणार." ते म्हणाले, "मागच्या वेळी जमलं नव्हतं. म्हणून तुम्हीच."

ते चार आठवडे मी विसरलेले नाही. रोज सकाळी जाळीने मेलेले काढायचे, मोजायचे, लिहायचे, निम्मे उघडायचे. पुडीचा डबा हातभर अंतरावर फळीवर तसाच. त्यांनी तो कुलपात ठेवला नव्हता. उताणे झालेले बेडूक मी सुलट करायची, तेवढंच मला करता येत होतं. एकदा मला रडू आवरेना, तेव्हा होरिगुची-सान शेजारी येऊन उभे राहिले. समजूत घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आज माझ्याकडे दोन. तुमच्याकडे?" मी म्हटलं, "अकरा." "लिहा," म्हणाले.

चार आठवडे संपले तेव्हा दोन नंबर जवळजवळ भरलेली होती आणि तीन नंबर निम्म्याहून रिकामी. दोन नंबरमधली यकृतं तांबूस, तीनमधली तशीच पिवळी. होरिगुची-साननी डबा उचलला आणि स्वतःच्या हाताने तीन नंबरच्या खाद्याला पूड चोळली. "आता माहीत आहे," एवढंच म्हणाले. फलटणला सहा वर्षांत मी ज्याची खात्री धरून चालले होते ते खरंच होतं. पण ते खरं आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढच्या रविवारी गावच्या सभागृहात बेडूक पाळणाऱ्यांची बैठक होती. आठ माणसं, घडीच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा. ओकादा-सान पहिल्या रांगेत, ठेंगणे, जाड मानेचे, हात गुडघ्यांवर. होरिगुची-सान उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुम्हाला आधी दिलेले आकडे खोटे होते. आम्ही पुन्हा मोजलंय, पूड लागू पडते. फार्म माझं आहे, जबाबदारी माझी." आणि कमरेत वाकले, खूप वेळ वाकून राहिले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते पांढरं डोकं तसं खाली झुकलेलं पाहणं मला सहन होईना. मी उभी राहिले. "पूड मी टाकली. त्यांना माहीत नव्हतं. माझं नाव शिंदे." त्या नावाला तिथे कुणी हसलं नाही.

ओकादा-सान माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझे बेडूक काही परत येणार नाहीत." मग ते होरिगुची-सानकडे वळले. "सेन्सेई, पहिल्या वेळी हिने टाकली. दुसऱ्या वेळी टाकली नाही, कशावरून?"

होरिगुची-साननी खिशातून एक छोटी वही काढली. ही वही मी आधी कधीच पाहिली नव्हती. त्या चार आठवड्यांत, रोज मी यायच्या आधी आणि मी गाडी पकडायला निघाले की, ते पुडीच्या डब्याचं वजन करत होते. सकाळचं वजन, संध्याकाळचं वजन, दोन नंबरला दिलेली पूड. रोज बरोबर तेवढंच कमी, ग्रॅमचाही फरक नाही. ओकादा-साननी दोन पानं चाळली, वही परत केली आणि स्वतःचं पेन काढून म्हणाले, "पुडीचं प्रमाण सांगा."

परतीच्या वाटेवर होरिगुची-सानच्या छोट्या ट्रकमध्ये मी खिडकीबाहेर बघत होते. ज्या वहीने मला वाचवलं तीच मला लागली होती. शेवटी विचारलंच, "तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"होता," ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. "पण माझा विश्वास ओकादा-सानच्या काय कामाचा?"

त्यानंतर मी तिथे आणखी तीन वर्षं काम केलं. आसपासच्या सगळ्या फार्मांवर पूड सुरू झाली. ओकादा-सान अधूनमधून मेलेला बेडूक पिशवीतून घेऊन येत आणि माझ्यापुढे फळीवर ठेवत. नमस्कार करत नसत, पण मी काय सांगते ते शेवटपर्यंत ऐकत. मग सचिनची बदली टोकियोला झाली आणि आम्ही तिथल्या एदोगावा भागात आलो. निघताना होरिगुची-साननी रताळ्यांची एक पेटी दिली आणि म्हणाले, "आता तिकडच्या लोकांना विचारत जा, कशावरून." दर नव्या वर्षाला त्यांचं पोस्टकार्ड यायचं. दोन ओळी, त्यात एक आकडा.

गेल्या डिसेंबरात करड्या किनारीचं कार्ड आलं. घरात कुणी वारलं असेल तर त्या वर्षी नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाहीत, आणि तसं कळवणारं कार्ड आधी येतं. पाठवणारी मिसाकी. वडील मे महिन्यात गेले, असं छापील अक्षरांत होतं. मी दारातच उभी राहून ते तीनदा वाचलं. मे. ऑगस्टमध्ये मी त्यांना मेसेज पाठवला होता, उत्तर आलं नाही म्हणून जरा रुसलेही होते. सात महिने मी एका गेलेल्या माणसाला जिवंत धरून चालले होते.

मिसाकीला फोन केला. तिला मी एकदाच भेटले होते. ती म्हणाली, मेंदूत रक्तस्राव झाला, सकाळी शेडमध्येच, दोन दिवस दवाखान्यात होते. कुणाला त्रास देऊ नका असं त्यांनी सांगून ठेवलेलं, म्हणून अंत्यविधी घरच्या घरीच केला. बेडूक ओकादा-सान घेऊन गेले. मी जमतील ते सांत्वनाचे शब्द बोलले. फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "रोहिणी-सान, एक विचारू का? तुम्ही बाबांवर रागावला होतात?"

"मी? कशासाठी?"

"ते नेहमी म्हणायचे, तिला ती टाकी द्यायला नको होती. तिच्यासारख्या हळव्या बाईला ते फार झालं. आपण शिकवायच्या भरात क्रूर झालो का, असं मला विचारायचे. मी म्हणायची, त्यांनाच विचारा ना. तर म्हणायचे, हे विचारायची हिंमत होत नाही."

तीन वर्षं मी त्यांच्यासमोर बसून रताळी खाल्ली. या माणसाला कसलीच शंका कधी पडत नसावी, असं समजत होते. त्यांनी मला माफ केलं की नाही हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, आणि तिकडे तेही तोच प्रश्न मनात घेऊन बसले होते.

"नाही," मी मिसाकीला म्हटलं. "कधीच नाही रागावले."

"बरं झालं," ती म्हणाली. फोन ठेवून मी ते करड्या किनारीचं कार्ड त्यांच्या जुन्या पोस्टकार्डांत ठेवलं.